न्यूकॅसल युनायटेडचा १९६९ चा फेअर्स कप : मोजायचा की नाही?

टायनकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या ईशान्य भागात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांचे एक छोटे मंडळ आहे. त्याच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांसाठी प्रश्नमंजूषा घेतली जाते आणि यंदा तिच्यातला फुटबॉलचा भाग माझ्याकडे आला आहे. मी एक प्रश्न असा काढला : १६ मार्च २०२५ रोजी वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ हरवून न्यूकॅसल युनायटेडने लीग कप जिंकला, तर त्यापूर्वीचा त्यांचा शेवटचा मोठा चषक कोणत्या वर्षीचा? उत्तर म्हणून मी १९६९ लिहिले. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या परीक्षकांनी ते खोडून १९५५ केले, कारण त्यांच्या मते न्यूकॅसलने १९६९ मध्ये जिंकलेला इंटर-सिटीज फेअर्स कप (युरोपातल्या क्लबांची एक जुनी स्पर्धा) हा मोजण्याजोगा चषकच नव्हे.

गंमत अशी की त्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांनी 'सत्तर वर्षांची प्रतीक्षा संपली' असे छापले आणि काहींनी 'छप्पन वर्षांची'. देशांतर्गत चषक म्हणाल तर १९५५ चा एफए कप हे उत्तर निर्विवाद आहे. परंतु 'मोठा चषक' म्हटल्यावर १९६९ वगळणे मला अन्यायाचे वाटते. त्या स्पर्धेत न्यूकॅसल सलग तीन हंगाम खेळले आणि त्यात त्यांनी ज्यांना हरवले त्यांची नावे वाचली तर ही काही किरकोळ स्पर्धा होती असे कोणी म्हणणार नाही. जाणकारांची मते हवी आहेत.

अंकगणित

तुमचे परीक्षक बरोबर आहेत. फेअर्स कप यूएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, भरवलेला नव्हता आणि यूएफा आजही त्याला आपल्या अधिकृत स्पर्धांमध्ये धरत नाही. १९७१ मध्ये यूएफाने यूएफा कप सुरू केला आणि फेअर्स कप बंद झाला. युरोपातली नियामक संस्था जी स्पर्धा मोजत नाही ती आपण मोजायची, तर मग उद्या हंगामपूर्व मैत्रीपूर्ण स्पर्धाही मोजाव्या लागतील. कुठेतरी रेषा आखावी लागतेच.

मुग्धा_पी

सासरी नाव बदलले म्हणून माहेरी मिळवलेली पदवी रद्द होत नाही, इतकेच नम्रपणे नोंदवते.

जुनी_पाने

मुग्धाताईंशी सहमत आहे, पण अंकगणित यांचा मुद्दाही सरळ झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

ही स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली ती तीन वजनदार माणसांच्या पुढाकाराने : स्वित्झर्लंडचे अर्न्स्ट थोमेन, इटलीचे ओतोरिनो बारासी आणि इंग्लंडचे स्टॅन्ली राउस. यांतले राउस पुढे १९६१ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले. म्हणजे स्पर्धा यूएफाबाहेरची असली तरी ती भरवणारे कोणी हौशे-गवशे नव्हते. ज्या शहरांत आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शने भरत, त्या शहरांचे संघ एकमेकांशी खेळवायचे ही मूळ कल्पना होती, आणि सामने त्या प्रदर्शनांच्या तारखांना जुळवून घेण्याच्या खटाटोपात पहिली स्पर्धा १९५५ ते १९५८ अशी तीन वर्षे रेंगाळली. लंडनने त्या वेळी क्लब पाठवलाच नाही. वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू निवडून 'लंडन इलेव्हन' असा संघ उतरवला आणि अंतिम फेरीत बार्सिलोनाने त्याला दोन सामने मिळून ८-२ असे धुऊन काढले.

हे सगळे विचित्र होते, यात शंका नाही. परंतु साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रदर्शनांशी असलेला तो संबंध केवळ नावापुरता उरला होता. प्रवेश लीगमधल्या क्रमांकावरून मिळत होता आणि मैदानात लीड्स, युव्हेंटस, इंटर, बार्सिलोना, अँडरलेख्ट असे संघ उतरत होते. १९५८ चा फेअर्स कप आणि १९६९ चा फेअर्स कप यांना एकाच तराजूत तोलणे मला पटत नाही.

अंकगणित

लीगमधल्या क्रमांकाचा विषय आपणच काढलात हे बरे झाले. १९६७-६८ च्या लीगमध्ये न्यूकॅसल कितव्या क्रमांकावर होते, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

टायनकाठचा

दहाव्या. हा टोला येणार याची कल्पना होती, त्यामुळे तो क्रमच इथे मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय ही गोष्ट कोणाला खरी वाटत नाही.

त्या हंगामात मँचेस्टर सिटी विजेते, म्हणून ते युरोपियन कपला गेले. दुसऱ्या क्रमांकावरचे मँचेस्टर युनायटेड त्याच वर्षी युरोपियन कप जिंकल्यामुळे गतविजेते म्हणून तिकडेच गेले. लिव्हरपूल तिसरे, लीड्स चौथे. हे दोघे फेअर्स कपमध्ये आले. पाचव्या क्रमांकावर एव्हर्टन होते, पण 'एका शहरातून एकच क्लब' या नियमामुळे लिव्हरपूलने त्यांची वाट अडवली. सहावे चेल्सी आत आले आणि त्यांच्यामुळे सातवे टॉटनहॅम व नववे आर्सेनल हे लंडनचे दोन्ही संघ बाहेर राहिले. आठवे वेस्ट ब्रॉम एफए कप जिंकल्यामुळे कप विनर्स कपला गेले. अशा रीतीने जागा घसरत घसरत दहाव्या क्रमांकावरच्या न्यूकॅसलपर्यंत आली. शहरात दुसरा क्लबच नसल्याने तिथे अडवणारे कोणी नव्हते.

क्लब त्यापूर्वी कधीही युरोपीय स्पर्धेत खेळलेला नव्हता. व्यवस्थापक जो हार्वी हे १९५१ आणि १९५२ मध्ये एफए कप जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते, पण त्यांच्या हाताशी असलेला संघ लीगमध्ये मधल्या फळीतलाच होता.

अंकगणित

म्हणजे एव्हर्टन, टॉटनहॅम आणि आर्सेनल यांना केवळ त्यांच्या पत्त्यामुळे वगळून ज्याला प्रवेश दिला गेला, तो संघ ही स्पर्धा जिंकला. माझे म्हणणे याहून चांगल्या शब्दांत मलाही मांडता आले नसते.

शर्वरी_न्यूकॅसल

प्रवेश नशिबाने मिळाला हे मान्य आहे. पण पुढचे बारा सामने नशिबाने खेळता येत नाहीत. या शहरात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि इथल्या वयस्कर लोकांकडून ही मोहीम इतक्या वेळा ऐकली आहे की आता मीच ती सांगू शकते.

पहिल्याच फेरीत समोर फेयेनूर्ड आले. हाच रॉटरडॅमचा संघ पुढे १९७० मध्ये सेल्टिकला हरवून युरोपियन कप जिंकला. त्याला न्यूकॅसलने घरच्या मैदानावर ४-० हरवले, आणि परतीच्या सामन्यात ०-२ अशी हार पत्करूनही ते पुढे गेले. मग लिस्बनचे स्पोर्टिंग : तिथे १-१, इथे १-०, आणि तो एकमेव गोल ब्रायन 'पॉप' रॉबसनचा. तो फटका ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला ते आजही हाताने हवेत चेंडूची रेघ काढून दाखवतात. तिसऱ्या फेरीत १९६४ चे विजेते रेआल झारागोझा. नववर्षाच्या दिवशी स्पेनमध्ये २-३ हरले, घरी २-१ जिंकले. एकूण ४-४ अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावर अधिक गोल केल्यामुळे न्यूकॅसल पुढे गेले. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालच्या व्हितोरिया सेतूबालला घरच्या सेंट जेम्स पार्कवर चक्क बर्फ पडत असताना ५-१ हरवले. पाहुण्यांपैकी अनेकांनी बर्फ त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला असे इथे सांगतात, आणि ते सांगताना इथल्या माणसांच्या चेहऱ्यावर जराही सहानुभूती नसते. परतीच्या सामन्यात सेतूबालने ३-१ ने जिंकून पाणी दाखवले, पण तोवर उशीर झाला होता.

यातला एकही प्रतिस्पर्धी हलका नव्हता, अंकगणितजी.

कोल्हापुरी_पेठकर

आमच्याकडे पेठेपेठेतल्या संघांचे सामने पाहत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे चुरस म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. तरीही या मोहिमेतला स्कॉटलंडच्या रेंजर्सविरुद्धचा उपांत्य सामना वाचून मी थक्क झालो होतो. त्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का?

जुनी_पाने

पेठकर, तो सामना सविस्तर लिहिण्यासारखाच आहे.

मे १९६९. पहिला सामना ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर, सुमारे पंचाहत्तर हजार प्रेक्षकांसमोर झाला. रेंजर्सला पेनल्टी मिळाली आणि अँडी पेनमनचा फटका गोलरक्षक विली मॅकफॉलने अडवला. सामना ०-० सुटला. मॅकफॉल हा उत्तर आयर्लंडचा. त्या एका अडवणुकीवर अख्खी मोहीम तरली असे म्हटले तरी चालेल.

परतीच्या सामन्यासाठी हजारो रेंजर्स समर्थक सीमा ओलांडून न्यूकॅसलला आले. मध्यंतरानंतर जिम स्कॉटने पहिला गोल केला आणि शेवटच्या टप्प्यात जॅकी सिंक्लेअरने दुसरा. दोघेही स्कॉटिशच, हे रेंजर्सच्या लोकांना अधिक झोंबले असावे. दुसरा गोल होताच गोलच्या मागच्या बाजूने जमाव मैदानात घुसला, बाटल्या पडू लागल्या आणि पंचांनी दोन्ही संघांना आत नेले. पोलिसांनी कुत्र्यांच्या मदतीने मैदान मोकळे करेपर्यंत पाव तासाहून अधिक वेळ गेला. त्यानंतर उरलेली मिनिटे खेळवली गेली आणि निकाल २-० असाच राहिला.

वेताळटेकडी

म्हणजे व्यापारवृद्धीसाठी सुरू केलेल्या स्पर्धेत काचेच्या बाटल्यांची निर्यात झाली म्हणायची.

दुनाकाठी

कामानिमित्त काही काळ बुडापेस्टमध्ये होतो, म्हणून अंतिम सामन्याची दुसरी बाजू लिहितो. आपल्याकडे ती फारशी वाचायला मिळत नाही.

अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी उयपेश्ट डोझा हा त्या वेळी गृहमंत्रालयाचा, म्हणजे पोलिसांचा क्लब होता आणि आक्रमणात त्याच्या तोडीचे संघ तेव्हा युरोपात थोडे होते. फझेकाश, ग्योरोच, बेने, अंतल दुनाई, झाम्बो ही आघाडीची फळी तिथले जुने लोक एका दमात म्हणून दाखवतात. यातला फेरेन्स बेने हा १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणारा सुवर्णपदक विजेता. १९६९ पासून १९७५ पर्यंत या क्लबने हंगेरीची लीग सलग सात वेळा जिंकली. त्या फेअर्स कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी गतविजेत्या लीड्सला लीड्समध्ये १-० आणि बुडापेस्टमध्ये २-० असे दोन्ही सामन्यांत हरवले होते, तेही लीड्स इंग्लंडची लीग जिंकण्याच्या बेतात असताना. तेव्हा अंतिम फेरीत खरे दावेदार कोण होते, हे वेगळे सांगायला नको.

२९ मे रोजी न्यूकॅसलला सुमारे साठ हजार लोकांसमोर पहिला सामना झाला. तासभर गोल नव्हता. मग कर्णधार बॉबी मॉन्करने एक केला, थोड्या वेळाने दुसरा केला आणि शेवटी स्कॉटने तिसरा. मॉन्कर हा बचावाच्या मध्यभागी उभा राहणारा खेळाडू; गोल करण्याबद्दल त्याची ख्याती मुळीच नव्हती.

११ जून रोजी बुडापेस्टमध्ये मात्र पहिल्या अर्ध्या वेळेत उयपेश्टने न्यूकॅसलला अक्षरशः नाचवले. बेनेने एक गोल केला, मध्यंतराच्या तोंडावर ग्योरोचने दुसरा. एकूण गुणफलक ३-२ असा आला आणि आणखी एक गोल होणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होते. मध्यंतरात जो हार्वी यांनी डावपेच वगैरे काही सांगितले नाहीत, एक गोल करा म्हणजे हे लोक कोसळतील एवढेच सांगितले, असे न्यूकॅसलवाले सांगतात. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मिनिटभरात मॉन्करनेच गोल केला. पाठोपाठ डॅनिश बेनी आरेन्टॉफ्टने बरोबरी साधली आणि पुढे बदली खेळाडू म्हणून आलेल्या तरुण अ‍ॅलन फॉगनने तिसरा गोल केला. निकाल ३-२, एकूण ६-२. आकडा पाहून वाटते तितका हा विजय एकतर्फी नव्हता. तो मध्यंतरानंतरच्या पाच मिनिटांत ठरला.

मेग्येरी मार्गावरचे ते मैदान आता फेरेन्स सुसा याच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांना मी न्यूकॅसलचा उल्लेख केला, तर त्यांनी 'बचावपटूने तीन गोल' असे म्हणत तीन बोटे दाखवली आणि मान फिरवली.

अंकगणित

दुनाकाठी, आपला प्रतिसाद उत्तम आहे आणि उयपेश्टचा दर्जा मला मान्य आहे. पण माझा आक्षेप खेळाच्या दर्जाबद्दल नसून मान्यतेबद्दल आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

सचिन_ठाणे

एक शंका. १९६९ नंतरच्या दोन हंगामांत काय झाले? धागाकर्त्यांनी 'सलग तीन हंगाम' असे लिहिले आहे, पण चर्चा एकाच वर्षावर थांबली आहे.

टायनकाठचा

सचिन, त्या दोन हंगामांची आठवण इथे सहसा कोणी आपणहून काढत नाही, यातच बरेच काही आले.

१९६९-७० मध्ये गतविजेते म्हणून सुरुवात डंडी युनायटेडविरुद्ध झाली. तिथे २-१ आणि घरी १-० असे दोन्ही सामने जिंकले. नंतर पोर्टोला ०-० आणि १-० ने बाजूला सारले. मग साउदॅम्प्टन, म्हणजे युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचेच दोन संघ समोरासमोर. घरी ०-० आणि तिकडे १-१, त्यातही रॉबसनचा गोल अगदी उशिरा आला. पुन्हा परक्या मैदानावरच्या गोलाने तारले. उपांत्यपूर्व फेरीत अँडरलेख्टकडे ०-२ हरून आल्यावर सेंट जेम्स पार्कवर जे घडले ते क्रूर होते. रॉबसनने पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल करून एकूण बरोबरी साधली, सामना संपत आला असताना डायसनने तिसरा मारला, मैदान डोक्यावर घेतले गेले, आणि पुढच्या काही क्षणांतच अँडरलेख्टच्या नॉर्डाहलने एक गोल परत केला. एकूण ३-३. झारागोझा आणि साउदॅम्प्टनच्या वेळी ज्या नियमाने पार नेले होते त्याच नियमाने इथे बुडवले. अँडरलेख्ट पुढे अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे आर्सेनलकडून हरले.

१९७०-७१ मध्ये पहिल्याच फेरीत इंटर मिलान. फॅचेटी, बुर्ग्निच, मॅझोला, बोनिनसेन्या अशी विश्वचषकाची अंतिम फेरी नुकतीच खेळलेली नावे त्या क्लबकडे होती आणि त्याच हंगामात ते इटलीचे विजेते झाले. मिलानमध्ये वेल्सच्या विन डेव्हिसने डोक्याने गोल करून सामना १-१ सोडवला. इथल्या परतीच्या सामन्यात इंटरचा गोलरक्षक लिदो व्हिएरी याने पंचांवरच हात टाकला आणि त्याला बाहेर काढण्यात आले. मॉन्कर व डेव्हिस यांच्या गोलांनी २-० असा विजय मिळाला. डेव्हिसची उडी हे त्या संघाचे मुख्य हत्यार होते; युरोपातल्या बचावपटूंना तशा उंच चेंडूंची सवयच नव्हती.

इंटरला हरवल्यानंतर दुसऱ्या फेरीत हंगेरीतल्या पेच शहराच्या संघाशी गाठ पडली. घरी २-० जिंकले, तिकडे ०-२ हरले आणि पेनल्टींवर बाहेर पडले. तोच त्यांचा फेअर्स कपमधला शेवटचा सामना. पुढच्या वर्षी स्पर्धाच उरली नाही.

शर्वरी_न्यूकॅसल

विन डेव्हिसबद्दल एक भर. लीगमध्ये त्याची गोलसंख्या साधारणच होती, तरीही इथल्या लोकांनी त्याला जी माया दिली ती त्याच्याहून कितीतरी जास्त गोल करणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. बचावपटूंना आपल्या अंगावर घेऊन रॉबसनसाठी जागा मोकळी करणे हे काम आकड्यांत दिसत नाही.

वेताळटेकडी

बंद पडलेल्या स्पर्धांचा विषय निघालाच आहे, तर न्यूकॅसलचा या प्रांतातला एकूण पराक्रम एकदा मोजून टाकू. फेअर्स कप, १९६९ : स्पर्धा बंद. अँग्लो-इटालियन कप, १९७३, अंतिम फेरीत फिओरेन्टिनाला त्यांच्याच शहरात २-१ हरवून : स्पर्धा बंद. टेक्साको कप, १९७३-७४ आणि १९७४-७५, सलग दोनदा : स्पर्धा बंद. इंटरटोटो कप, २००६ : दोन वर्षांत स्पर्धा बंद. लीग कपच्या आयोजकांनी आता सावध राहावे अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

जुनी_पाने

वेताळराव, हसून हसून पुरेवाट झाली. पण या यादीमुळेच अंकगणित यांना उत्तर देणे सोपे झाले आहे.

टेक्साको कप हा इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या अशा क्लबांसाठी होता ज्यांना युरोपात प्रवेश मिळाला नव्हता. एका तेल कंपनीच्या पैशावर तो चालत होता, आणि न्यूकॅसलने दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरवले ते इंग्लंडच्याच बर्नलीला व साउदॅम्प्टनला. २००६ चा इंटरटोटो तर त्याहून मजेशीर आहे. न्यूकॅसल त्यात केवळ नॉर्वेच्या लिलेस्ट्रोमशी दोन सामने खेळले. त्या वर्षी अकरा संघ 'विजेते' ठरले आणि त्यांच्यातला जो संघ पुढे यूएफा कपमध्ये सर्वांत लांबवर गेला तो एकूण विजेता, असा नियम होता. तो मान न्यूकॅसलला मिळाला. आता पाहा, इंटरटोटो ही यूएफाची अधिकृत स्पर्धा होती. केवळ मान्यतेचा निकष लावला तर लिलेस्ट्रोमशी खेळलेले दोन सामने मोजायचे आणि फेयेनूर्ड, स्पोर्टिंग, झारागोझा, सेतूबाल, रेंजर्स व उयपेश्ट यांच्याशी खेळलेले बारा सामने सोडून द्यायचे, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष सेंट जेम्स पार्कवर कोणी मोठ्याने म्हणून दाखवावा.

बार्देशकर

गोव्याहून लिहितो. आमच्या डेम्पोने २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीत धडक मारली आणि लेबनॉनच्या सफा संघाकडून हार पत्करली. त्या दिवसांत इथल्या बारमधून आणि टॅक्सी स्टँडवरून दुसरा विषय नव्हता. २०२४ मध्ये ती स्पर्धा गुंडाळली गेली आणि तिच्या जागी आशियाई महासंघाने नव्या नावाची स्पर्धा आणली. ईस्ट बंगालने २००३ मध्ये जकार्त्यात बेक टेरो सासनाला ३-१ हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या स्पर्धेचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. कोलकात्यातल्या माणसाला ती मोजू नका असे सांगण्याची माझी तरी हिंमत नाही.

अंकगणित

बार्देशकर, त्या दोन्ही स्पर्धांची उदाहरणे इथे लागू होत नाहीत, कारण त्या त्या विभागातल्या मान्यताप्राप्त महासंघांनी भरवलेल्या होत्या. उलट ती माझ्याच बाजूची आहेत.

इंटरटोटोबद्दल जुनी_पाने यांनी मला कोंडीत पकडले आहे हे खरे. त्यावर माझे उत्तर असे की इंटरटोटो अधिकृत असला तरी 'मोठा' नव्हता आणि फेअर्स कप मोठा असला तरी अधिकृत नव्हता. प्रश्नात दोन्ही अटी असतील तर १९५५ हेच उत्तर येते.

मुग्धा_पी

पण प्रश्नात 'अधिकृत' हा शब्द आहेच कुठे? धागाकर्त्यांनी 'मोठा चषक' एवढेच विचारले आहे. 'अधिकृत' तुम्ही मागच्या दाराने आत आणलात.

दुनाकाठी

आणखी एक बाजू पाहावी. बार्सिलोना १९५८, १९६० आणि १९६६ चे आपले तिन्ही फेअर्स कप स्वतःच्या सन्मानांच्या यादीत अभिमानाने लावते. ज्या क्लबकडे युरोपियन कपांची कमतरता नाही त्याला ते लपवावेसे वाटत नाहीत. शिवाय मूळ चषकही त्यांच्याकडेच आहे. स्पर्धा बंद करताना तो कायमचा कोणी ठेवायचा हे ठरवण्यासाठी पहिले विजेते बार्सिलोना आणि शेवटचे विजेते लीड्स यांच्यात २२ सप्टेंबर १९७१ रोजी कॅम्प नोऊवर एक सामना खेळवला गेला आणि बार्सिलोना २-१ ने जिंकले. ज्या चषकाला किंमतच नाही, त्यासाठी कोणी असा सामना खेळत नाही.

कोल्हापुरी_पेठकर

म्हणजे मॉन्करने बुडापेस्टमध्ये उचललेला चषक आज बार्सिलोनात आहे? हे न्यूकॅसलवाल्यांच्या एकंदर नशिबाला साजेसे आहे.

शर्वरी_न्यूकॅसल

पेठकरदादा, १९७४, १९९८ आणि १९९९ चे एफए कपचे, तसेच १९७६ आणि २०२३ चे लीग कपचे अंतिम सामने हरलेल्या शहराला नशिबाबद्दल काही सांगू नका. या सगळ्या वर्षांत लोकांनी मुलांना सांगायला जपून ठेवले होते ते १९६९ च. इथल्या अनेक घरांत त्या संघाच्या अकरा जणांची नावे पाठ आहेत. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्यापैकी कोणीही २०२५ मध्ये 'सत्तर वर्षांनी' असे म्हणताना मी ऐकले नाही. सत्तरचा आकडा दूरदर्शन वाहिन्यांच्या सोयीचा होता, कारण तो दहाच्या पटीतला, सुटसुटीत आकडा आहे आणि 'देशांतर्गत' हा शब्द घाईघाईत उच्चारला की झाले.

टायनकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या परीक्षकांशी हा सगळा धागा समोर ठेवून बोललो. ते अजूनही १९५५ वर ठाम आहेत आणि मी १९६९ वर. त्यामुळे तो प्रश्न आम्ही दोन भागांत विभागला आहे : २०२५ पूर्वीचा शेवटचा देशांतर्गत चषक कोणता, आणि क्लबचा आजवरचा एकमेव मोठा युरोपीय चषक कोणता? अंकगणितजींच्या समाधानासाठी दुसऱ्या प्रश्नाखाली 'ही स्पर्धा यूएफाने भरवलेली नव्हती' अशी ओळ छापली जाईल. मुलांना अधिक गुण कशाचे द्यायचे हे मात्र मी ठरवणार आहे, आणि दहाव्या क्रमांकावरून प्रवेश कसा मिळाला ती साखळी जो पूर्ण सांगेल त्याला वेगळे बक्षीस आहे.

अंकगणित

ती ओळ छापणार असाल तर माझी हरकत नाही. मात्र 'मोठा' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकावा.

मुग्धा_पी

टाकू नये.

सचिन_ठाणे

लीड्सचे दोन फेअर्स कप, १९६८ आणि १९७१ चे, यांवरही असाच धागा निघायला हवा. युव्हेंटसविरुद्ध तुरीनमध्ये पावसामुळे सामना अर्धवट सोडून पुन्हा खेळवावा लागला होता आणि दोन्ही बरोबरीच्या सामन्यांनंतर परक्या मैदानावरच्या गोलांवर लीड्स जिंकले, इतके मला माहीत आहे. जुनी_पाने, आपण सुरुवात कराल का?

जुनी_पाने

अवश्य, या आठवड्यात काढतो. अंकगणित यांनी तिथेही यावे. १९६८ चा अंतिम सामना पुढच्या हंगामाच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खेळला गेला होता, त्यामुळे तो कोणत्या वर्षात धरायचा यावर त्यांना भरपूर वाव आहे.